गाडीची खांदेमळणी

देवराव गेल्याचं मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं. वर्ध्याच्या भाजीबाजारात तो भेटला, हातातली पिशवी खाली ठेवून वाकला आणि म्हणाला, "बाई, देवरावकाका गेले. मागच्या आठवड्यात." मला ओळख पटली नसावी असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं पुढे सांगितलं, "थे नाई का, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ज्याइची गाडी वावरात घुसली होती. ब्रेक न पायता निंगाले होते, थे."

त्याच्या बोलण्यात आकस नव्हता. रोहण्यात देवरावांची ओळख अशीच दिली जाते. चांगला माणूस, अडीनडीला धावून येणारा, फक्त एकदा ब्रेक बघायला विसरला. मी घरी आले, भाजी तशीच टोपलीत ठेवली आणि बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. ती ओळख खरी नाही. ती खरी नाही हे तिघांनाच माहीत होतं: देवरावांना, आर्वीच्या एका मिस्त्रीला आणि मला. मिस्त्री आधीच गेला. आता देवराव गेले.

मी तेव्हा रोहण्याच्या हायस्कुलात मराठी शिकवत होते आणि आईबरोबर पुलगावला राहत होते. छोट्या लाइनची आगगाडी तिच्या मर्जीनं चालायची, एस.टी.चा भरवसा नव्हता. देवरावांची पिकअप मात्र सकाळी दुधाचे कॅन घेऊन पुलगावला यायची आणि जनावरांच्या ढेपेची पोती, किराणा, कधी कुणाची शिलाई मशीन असं काहीबाही घेऊन रोहण्याला परत जायची. त्या परतीच्या फेरीत पुढची जागा माझी. "बाई समोर बसतीन," हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, आणि नंतर सरपंच आले तरी ते मागे पोत्यांवर बसत.

मी पुस्तक उघडून बसायची. गाडी हलायला लागली की अक्षरं हलायची, तरी वाचायची. देवराव थोडा वेळ गप्प राहत आणि मग विचारत, "आज कोन मेलं पुस्तकात?" मी सांगे. कुणी मेलं नसेल तर ते म्हणत, "मंग आज हलकी हाय गाडी."

उंच, किडकिडीत, पांढरा पायजमा आणि त्यावर घडी मोडलेला खाकी शर्ट. तंबाखू नाही, विडी नाही. खिशात खोबऱ्याचा तुकडा असे, तो रस्ताभर चघळत. लिलावातून घेतलेली ती जुनी पिकअप त्यांनी जवळजवळ स्वतःच्या हातानं उभी केली होती. त्याआधी ते बैलबंडी हाकायचे, आणि हाकण्याची भाषा त्यांनी तशीच गाडीत आणली. चढ आला की जिभेनं टकटक आवाज करत. उतार आला की "हो... हो... दमानं" असं पुटपुटत. बैलबंडी समोर असली तर हॉर्न वाजवायचा नाही. मागोमाग चालत राहायचं, बंडीवाला आपण होऊन बाजूला घेईपर्यंत. एकदा शाळेला उशीर होत होता म्हणून मी जरा चुळबूळ केली, तर म्हणाले, "बाई, मांगून कोनी वरडलं तं बैल कानं टवकारते. मंग दिवसभर त्याचं मन लागत नाई कामात."

निघण्यापूर्वी ते गाडीभोवती एक फेरी मारत. प्रत्येक चाकाशी वाकत, हात लावत, मग आत बसून ब्रेक दाबून पाहत, गाडी चार हात पुढे नेऊन पुन्हा दाबत. मागे बसलेली माणसं वैतागायची. "देवराव, गाडी हाय का नवरी? किती निरखतं बे?" कुणीतरी म्हणे. देवराव शांतपणे उत्तर देत, "नवरी थांबते बापा तुह्यासाठी. हे नाई थांबत."

दुसऱ्या कुणाच्या गाडीत मात्र त्यांचे हाल होत. आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे एस.टी.नं सेलूला गेलो होतो. देवराव माझ्या पुढच्या बाकावर. वाटभर त्यांचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर दाबला जात होता. वळण आलं की दाब, म्हैस आडवी आली की दाब. शेवटी कंडक्टर म्हणाला, "काका, भोक पडन ना खाली." सगळी बस हसली. देवरावांनी पाय उचलून मांडी घातली. पुढच्या नाल्यापाशी मांडी आपोआप सुटली.

असा हा माणूस. ब्रेक न पाहता निघाला असं ज्याच्याबद्दल म्हणतात, तो हा.

त्यांच्या वडिलांबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सगळे त्यांना बाबा म्हणत. पाठ वाकलेली, पण आवाज वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाईल असा. पिकअप घेतली तेव्हा देवरावांनी बैलजोडी विकली होती. बाबांचं वय झालं होतं, शेत बटाईनं दिलं होतं, गोठ्यात उभ्या जोडीला काम नव्हतं. बाबांनी नाही म्हटलं नाही. पण ते त्या गाडीत कधी बसले नाहीत. आर्वीला जायचं तर छोट्या लाइननं जात, नाहीतर पायी. गाडीचा उल्लेख "तुह्यं लोखंड" असा करत. पोळ्याला गावचे बैल तोरणाखाली उभे राहिले की बाबाही तिथं जाऊन उभे राहत, हात मागे बांधून. कुणाचाही कासरा त्यांच्या हातात नसे. देवराव त्या दिवशी घरातून बाहेर पडत नसत.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी देवरावांनी पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक उघडले होते. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो आणि ब्रेक दाबला की दोन अर्धगोल पट्ट्या आतून त्या ड्रमला घट्ट धरतात. त्या पट्ट्यांवरच्या जाड थराला गाडीवाले लायनर म्हणतात. जुने झिजले म्हणून देवरावांनी नवे लायनर बसवले. अंधारायला लागलं, पावसाची भुरभुर सुरू झाली, तेव्हा उघड्या चाकांवर गोणपाट टाकून ते आत जेवायला गेले.

पोळ्याची आदली संध्याकाळ म्हणजे खांदेमळणीची. कोमट तुपात हळद कालवून बैलांचे खांदे पळसाच्या पानांनी मळतात, वर्षभराच्या जुवाचा शीण काढतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. बाबांच्या घरात बैल गेल्यापासून ती वाटी चुलीवर चढली नव्हती. त्या वर्षी चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरावांना गाडीच्या टायरांवर, मडगार्डवर, चाकाच्या मधल्या भागावर हळदीची बोटं दिसली. ते मला त्यांनी स्वतः सांगितलं, तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, गाडी चालवता चालवता. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बाई, बुढ्यानं परवा गाडीची खांदेमळणी केली."

"बाबांनी?"

"मले न सांगता. आन मी पाह्यलं तं आपला खाटेवर बसून, कोन केलं कोनजाने, असं तोंड." ते हसले, मग रस्त्याकडे पाहत राहिले. "सात वर्सं झाली गाडीले. हात लावला नवता."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करतो? ड्रम बसवले आन हात जोडले."

हळद पुसली का, हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंच. खांदेमळणीची हळद कुणी पुसत नाही.

तान्हा पोळा म्हणजे लेकरांचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. चाकं लावलेले लाकडी बैल रंगवून, सजवून, दोरीनं ओढत मुलं देवळापाशी जमतात. सजावटीला बक्षीस असतं आणि त्या वर्षी परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. मागे ढेपेची पोती आणि त्यांवर गावातली अनसूयाबाई, पुलगावच्या लेकीकडून परत येणारी. पुलगावपासून ब्रेक थोडा उशिरा लागत होता. देवरावांच्या ते लक्षात आलं होतं. "नवे हायत, घासले नाई अजून," ते म्हणाले. नवे लायनर तसेच वागतात म्हणे.

रोहण्याच्या अलीकडे एक लांब उतार आहे. तो संपतो तिथंच मारोतीचं देऊळ आणि देवळापुढं रस्ताच अंगण. वरून दिसत होतं: रंगीबेरंगी मुंडाशी, दोऱ्या, लाकडी बैलांची रांग रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

देवरावांनी ब्रेक दाबला. गाडी तशीच चालली. पुन्हा दाबला. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पाय खोल जात नव्हता, दगडावर ठेवल्यासारखा घट्ट होता, आणि गाडी वेग घेत होती. त्यांनी गिअर खाली ओढला, इंजिन कळवळलं, हँडब्रेक ओढला, मागून काहीतरी जळल्याचा वास आला. वेग थोडा कमी झाला, थांबण्याइतका नाही. खाली एका मुलानं मान वर केली.

"बाई, दांडा धरा," देवराव म्हणाले. नेहमीच्याच आवाजात. मग मागे ओरडले, "अनसूयाबाई, पोतं धर व."

आणि गाडी रस्ता सोडून उजवीकडच्या पऱ्हाटीत उतरली. पावसानं भिजलेली काळी माती. चाकं तिच्यात रुतत गेली, कपाशीची झाडं बंपरखाली मोडत गेली, आणि कुणीतरी खालून पकडून ठेवावी तशी गाडी थांबली. देवळापर्यंत अंतर उरलं होतं, पण फार नाही. मुलं रांग मोडून आमच्याकडे पळत आली, लाकडी बैल रस्त्यावर टाकून.

अनसूयाबाईचा हात मनगटात मोडला होता. बाकी कुणाला काही नाही. देवराव खाली उतरले आणि चाकाशी वाकून उभे राहिले, वर बघेचनात.

बाबा गर्दीतून आले. आधी त्यांनी पोरांकडे पाहिलं, मग अनसूयाबाईकडे, मग देवरावांकडे.

"काऊन रे? पायलं नवतं?"

"पायलं होतं, बाबा."

"पायलं असतं तं थांबली नसती? नवे बसवले म्हने. काय बसवले?" मग गर्दीकडे वळून, मोठ्यानं, "परवा मी हातानं खांदेमळणी केली म्हनून लेकरं वाचले आज. नाई तं यानं तं पुरा पोळा बुडवला होता."

कुणीतरी हात जोडले. एका म्हातारीनं बाबांच्या पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दोन बैलजोड्यांनी गाडी ओढून काढली. शाळा सुटल्यावर मी देवरावांच्या अंगणात गेले, गाडीत राहिलेली माझी पिशवी घ्यायला. आर्वीहून रहमान मिस्त्री आले होते. त्यांनी पुढचं चाक काढलं, ड्रम ओढून बाजूला केला आणि वास घेतला.

"अरे देवराव, ये क्या? तूप?" त्यांनी लायनरवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. "लायनरले हळद लागली. लगन हाय का गाडीचं?"

देवराव पुढे वाकले. त्यांनी त्या पट्टीवर हाताचा तळवा ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. उघडं चाक, त्यात ती अर्धगोल उभी पट्टी, बैलाच्या मानेसारखी वाकलेली. संध्याकाळच्या उजेडात गोणपाट उचलून म्हाताऱ्या हातानं ती चाचपली असेल. हाच खांदा, ओझं इथंच येतं, असं वाटलं असेल. आणि चांगलं जिरेपर्यंत मळलं असेल, मळायची रीतच तशी. नव्या लायनरनं तूप पिऊन घेतलं, आणि उतारावर तापल्यावर सोडलं.

"दुसरं चाक बी असंच असन," देवराव म्हणाले.

"पर डाला किसने?"

"बुढ्याचा हात हाय तो, रहमानभाई." मग थोड्या वेळानं, "हे इथंच राहू द्या."

रहमान मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चिंधी रॉकेलमध्ये बुडवली. तेवढ्यात बाबा काठी टेकत अंगणात आले.

"काय निंगालं, मिस्त्री?"

मिस्त्रींनी तोंड उघडण्यापूर्वी देवराव म्हणाले, "बसवताना माह्याच हातून चुकलं, बाबा. नीट पायलं नाई मी."

"तेच तं म्हनतो मी," बाबा म्हणाले. "बैल असते तं त्याइनंच मान फिरवली असती. लोखंडाले काय समजते? मानसानं पाहावं लागते." ते बराच वेळ बोलत होते. अनसूयाबाईच्या हाताचं, लेकरांचं, लोक काय म्हणतील त्याचं. देवराव मान खाली घालून ऐकत होते. शेवटी "चुकलं, बाबा," एवढंच म्हणाले. रहमान मिस्त्री लायनर पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

गावानं फार छळलं असं नाही. पण आयाबाया मुलांना त्यांच्या गाडीत बसवेनाशा झाल्या. दुधाचे कॅन काही महिने दुसऱ्याच्या टेम्पोतून गेले. अनसूयाबाईला प्लास्टरसाठी देवरावच पुलगावला नेत-आणत, आणि ती चढताना दर वेळी गाडीभर ऐकू जाईल असं विचारी, "काऊन गा देवराव, आज तं पायला न ब्रेक?" हात बरा झाल्यावरही तिनं ते सोडलं नाही. आता तो तिच्यासाठी गमतीचा भाग झाला होता. देवराव म्हणत, "पायला, मावशी. बस."

मला राग यायचा. एकदा मी गाडीत म्हणालेही, "तुम्ही निदान तिला तरी सांगा." ते खोबरं चघळत म्हणाले, "हळद दिसली होती न मले, बाई. मी पुसाले पायजे होतं. मंग खोटं काय बोललो?"

वर्ष फिरून आलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुलगावला परत जायला त्यांच्या अंगणात थांबले होते. नुकतीच गाडी आली होती. बाबा वाटी घेऊन बाहेर आले, दुसऱ्या हातात पळसाची पानं. त्यांना कधी इतक्या उत्साहात पाहिलं नव्हतं.

"देवराव, काढ रे थे चाकं. मांगच्या खेपेले उघडे होते, बरं मळता आलं."

देवरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं आता काय सांगतील. नको म्हटलं तर का नको, हे सांगावं लागणार होतं.

"बाबा," ते म्हणाले, "एक सांगा. बंडीच्या चाकाले आपन खांदेमळणी करतो का?"

"चाकाले कोन करते? चाकाले वंगन."

"मंग हे तं चाकंच हायत."

बाबा थांबले. वाटी हातात धरून त्यांनी गाडीकडे नीट पाहिलं. "मंग खांदा कुठी हाय याचा?"

"ओढते थे इंजिन. इथी," देवरावांनी बोनेटच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर पत्र्यावर हात ठेवला. "जू इथी बसते."

बाबा जवळ आले. त्यांनी तळवा पत्र्यावर टेकवला आणि दचकून उचलला. मग पुन्हा टेकवला, हळूच. "गरम हाय रे."

"दिवसभर ओढलं न त्यानं."

"मंग मांगच्या वक्ताले मी भलत्या जागी मळलं?"

"मळलं तं मळलं, बाबा. गाडीलेच लागलं."

बाबांनी मान हलवली आणि मळायला लागले. खूप वेळ मळत होते, या बाजूचा खांदा, मग त्या बाजूचा, पानं बदलून. देवराव त्यांच्याशेजारी वाटी धरून उभे होते.

नंतर बाबा गाडीत बसायला लागले. पुढे, माझ्या शेजारी. आणि वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की खिडकीतून मान काढून सांगत, "येतं का? आता पाह्यते तो ब्रेक, मी सांगतलं त्याले." देवराव गाडी थांबवून त्या माणसाला चढू देत.

बाबा शांतपणे गेले, एका हिवाळ्यात. पुढच्या उन्हाळ्यात माझी वर्ध्याला बदली झाली आणि देवरावांनीच माझं सामान हलवलं. पुस्तकांच्या पेट्या पाहून म्हणाले, "एवढे लोकं मेले तुमच्या घरात?" वाटेत मी तो विषय काढला. बाबा आता नाहीत, आता सांगायला काय हरकत आहे, लोक अजून तुम्हाला नावं ठेवतात, असं काहीसं म्हणाले.

एक नाला गेला, एक गाव गेलं.

"सांगतलं तं लोकं हासतीन बुढ्याले," ते म्हणाले. "मले हासले तं मी जित्ता हाव. दोन गोष्टी आयकून घेतो, दोन बोलतो. तो कुठून येईन बोलाले?"

आज तेच वाक्य घेऊन मी बसले आहे. आता देवरावही बोलायला येणार नाहीत. एकाची बाजू मांडायची तर दुसऱ्याला उघडं पाडावं लागतं. पण मी त्या म्हाताऱ्याचे हात मळताना पाहिले आहेत. हे वाचून त्यांना कुणी हसेल असं मला वाटत नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी आम्ही वर्ध्याला पोहोचलो. घर वरच्या मजल्यावर होतं. घरमालक दारात उभे राहून सामान उतरताना पाहत होते. गाडीच्या मागे लिहिलेलं गावाचं नाव वाचून म्हणाले, "रोहणा? माझी सासुरवाडी तिथलीच. तिथं एक देवराव म्हणून गाडीवाले आहेत म्हणे, ब्रेक न बघताच पोळ्यात गाडी घातलेले."

मी तोंड उघडलं होतं. देवरावांनी पेटीखाली हात घातले होते, त्यांनी वर पाहिलं आणि छान हसले.

"मीच तो," म्हणाले, आणि पेटी उचलून जिना चढू लागले.